शिमशोनकाकांच्या नावाची पेटी

बेर्शेबाच्या वसतिगृहात आमच्या मजल्यावर एक गिटार वाजवणारा मुलगा होता. एका शुक्रवारी दुपारी, सगळे घरी जायच्या घाईत असताना, सामायिक स्वयंपाकघरात त्यानं एक वाद उकरून काढला. परदेशातल्या कुणा मोठ्या वादकाच्या सहीची गिटार त्याला घ्यायची होती आणि त्याची मैत्रीण त्याला हसत होती. "तो स्वतः तीच वाजवतो असं वाटतं तुला? त्याची वेगळी असते. दुकानातली असते ती तुझ्यासारख्यांसाठी." मग सगळेच बोलायला लागले. कुणी म्हणालं वाजवतात, कुणी म्हणालं फक्त फोटोपुरती हातात धरतात.

मी भांडी पुसत होते. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगू शकले असते की नाही, शंका आहे. वाद्यावर नाव कोरलेला एक माणूस मी जवळून पाहिला होता, पण हिब्रूत सुरुवात केली असती तर मलिदा म्हणजे काय, मेंदी म्हणजे काय इथंच अडकले असते. म्हणून इथं लिहिते आहे. माझी मराठी शाळा पनवेलला पाचवीत संपली; आम्ही मराठी ज्यू, तेव्हाच इकडे राहायला आलो. त्यानंतर जी मराठी आली ती आईची पत्रं लिहिताना आणि आमच्या डिमोनाच्या इमारतीच्या जिन्यात. चुका होतील, त्या माझ्या समजाव्यात.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे मला प्रवेश मिळाला त्या दिवसापासून समोरच्या दारातले शिमशोनकाका मला 'प्रोफेसर' म्हणू लागले. चेष्टेनं नाही. त्यांना खरंच वाटत होतं की तिथं जो आत गेला तो प्रोफेसर होऊनच बाहेर पडतो. "प्रोफेसर, वीजबिलावर हे काय लिवलंय बघ गो," असं म्हणत ते जिन्यातच कागद पुढे करायचे आणि मी वाचेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहायचे.

ते खनिजांच्या कारखान्यात कामाला होते. तिथं त्यांना सगळे 'होदी' म्हणत, म्हणजे हिंदी, इंडियावाला. पंचवीस वर्षं एकाच खात्यात काम करूनही मुकादमाला त्यांचं नाव येत नव्हतं. काकांनी कधी तक्रार केली नाही. "होदी तर होदी. पगाराच्या चिठ्ठीवर नाव बरोबर छापतात, आपल्याला काय पायजे?" पण कुणी 'शिमशोन' अशी पूर्ण हाक मारली की त्यांची मान चटकन वळायची, हे मी पाहिलेलं आहे.

घरी आले की ते दोनदा हात धुवायचे. एकदा कारखान्याचा पांढरा भुगा जावा म्हणून, आणि एकदा पेटीसाठी. मोझेलकाकू म्हणायच्या, "जेवायला बसताना एकदाच धुतात, तिच्यासाठी दोनदा. माझी सवत लाकडाची हाय म्हणून बरं."

ही पेटी त्यांनी मुंबईहून येताना आणली होती. त्यांचे गुरू म्हणजे त्यांचेच एक मामा. कीर्तनकार होते. आमच्यात दावीद राजाची, योसेफाची कीर्तनं मराठीत होत, त्यात ते पेटी धरायचे. मरताना त्यांनी ती भाच्याला दिली. आतले सूर जर्मन होते, महायुद्धाच्या आधीचे. काका पेटीवरून फडकं फिरवत म्हणायचे, "जर्मनांची एवढीच एक चीज मी घरात ठेवली. तिचा काय दोष?"

शुक्रवारी दिवे लागायच्या आधी ते पेटीला चादर गुंडाळायचे आणि शनिवारी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत तिच्याकडे बघायचेही नाहीत. आमच्या जिन्यात शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, संपला हे कळायला खिडकीशी जावं लागत नसे. समोरच्या घरातून भात्याचा पहिला श्वास ऐकू आला की आई गॅस पेटवायची.

त्यांना प्रत्येक गोष्टीचा सूर लागायचा. आमचा फ्रीज काळी चारमध्ये घुमतो हे त्यांनीच सांगितलं. दवाखान्याची लिफ्ट खाली येताना अर्धा सूर उतरते म्हणून ते जिन्यानं जायचे. शहीद सैनिकांच्या दिवशी भोंगा वाजतो तेव्हा सगळा देश उभा राहतो. एका वर्षी भोंगा थांबल्यावर ते जिन्यातच खाली बसले आणि मला हळू आवाजात म्हणाले, "प्रोफेसर, पाप झालं. मी पोरांची आठवण काढायला उभा राहिलो, आणि कान बोलला, पांढरी पाच." मी पाणी आणून दिलं.

बेर्शेबाला एक वाद्यांचं दुकान होतं. मालकाचं नाव अवी. त्याचे आईवडील मोरोक्कोहून आलेले. तो काकांना 'दोद' म्हणायचा, म्हणजे काका. नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. लष्करातून सुटलेली पोरं पाठीवर पिशव्या टाकून इंडियात सहा-सहा महिने भटकून यायची आणि परत आल्यावर त्यांना हार्मोनियम हवी असायची. अवीनं मुंबईहून पेट्या मागवल्या. पण त्यातली बरी कुठली, वाईट कुठली, त्याला कळेना. नेमके त्याच दिवसांत काका भात्यासाठी चामडं घ्यायला दुकानात गेले आणि सहज त्यातल्या एका बऱ्या पेटीवर हात ठेवला. अवीनं दार बंद करून ऐकलं.

पंधरा दिवसांनी त्यानं काकांपुढे कागद ठेवला. तो मीच वाचून दाखवला, जिन्यात. पेटीवर काकांच्या नावाची पितळी पाटी लागणार, दुकानात त्यांचा मोठा फोटो लागणार, आणि एक पेटी त्यांना भेट मिळणार. त्या बदल्यात काकांनी मेंदी असो, कीर्तन असो, चारचौघांत तीच पेटी वाजवायची.

काकूंना हे पसंत नव्हतं. "नावाची पाटी मेल्यावर लावतात," त्या म्हणाल्या.

काका मोठ्यानं हसले. पण आता मला वाटतं, सगळी चूक तिथंच झाली, आणि ती आमच्याच माणसांकडून होण्यासारखी होती. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीद म्हणतात. त्या मशिदीत जिकडे पाहावं तिकडे पाट्या असतात. बाकावर, दिव्यावर, पडद्यावर, पुस्तकांच्या कपाटावर. अमक्याच्या स्मरणार्थ, तमकीच्या पुण्यार्थ. त्या बाकावर तो माणूस कधी बसला होता का, असं कुणी विचारत नाही. पाटी म्हणजे मान. पाटी म्हणजे हमी असू शकते, हे काकांच्या डोक्यातच आलं नाही. ते काकूंना म्हणाले, "मेल्यावर कोण वाचायला येणार? जिवंतपणी लावतायत, फस्क्लास झालं."

फोटोसाठी अवीनं फेटा आणला होता. काका म्हणाले, "आम्ही शनवारतेली, शनवारी घाणा बंद ठेवणारे. माझा आजा घाण्यावर टोपी घालायचा. फेटा बांधून तेल काढताना कुणाला बघितलंस का?" पण शेवटी अवीच्या हट्टापुढे त्यांनी तो बांधला. फोटोत ते फार घाबरलेले दिसतात. पाटीवर नाव हिब्रूत होतं आणि खाली मराठीत. मराठी अक्षरं त्यांनी स्वतः कागदावर काढून दिली होती. पाटी तयार झाली त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते बेर्शेबाला गेले आणि आल्यावर मला म्हणाले, "बरोबर लिवलंय. कान्यामात्रेसकट."

नवी पेटी घरी आली. दिसायला देखणी होती. त्यांनी चादर अंथरली, दोनदा हात धुतले आणि वाजवायला बसले. थोड्या वेळानं आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे वाटीभर साखर परत द्यायला गेले, तर दोन्ही पेट्या जमिनीवर उघड्या पडल्या होत्या. पेटीतला एकेक सूर म्हणजे पितळेची बोटाएवढी पट्टी, दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली. जुन्या पेटीतले सूर काढून ते नव्या पेटीत बसवत होते. शेजारी काकूंची नखं घासायची कानस पडली होती.

"दार लोटून घे," ते म्हणाले.

मी लोटलं.

"नवीचे सूर पत्र्याचे हायत. डबा बडवल्यासारखे. कागदात काय लिवलंय? हीच पेटी वाजवायची. मग? पेटी हीच हाय."

मला तेव्हा त्यात काही चुकीचं वाटलं नाही. उलट हुशारीच वाटली. तीन संध्याकाळी ते काम चाललं. जुनी पेटी पोट रिकामं करून कपाटावर गेली, आणि नवी अशी बोलू लागली की खालच्या मजल्यावरची रशियन बाई वर आली आणि दारात उभी राहून ऐकून गेली.

पुढची दीड-दोन वर्षं काकांची होती. डिमोना, बेर्शेबा, अश्दोद, जिथं मेंदी तिथं ते. पेटीची पाटी लोकांकडे तोंड करून ठेवलेली. एकदा तर वाळवंटात अनवाणी पोरापोरींच्या मेळ्यात त्यांना नेलं. तिथं सगळे डोळे मिटून बसले होते. काकांनी आपलं शब्बाथचं हिब्रू गाणं कीर्तनाच्या चालीवर लावलं, आणि ती पोरं, ज्यांनी ते लहानपणी आपल्या आजोबांकडून ऐकलेलं असणार, त्याला इंडियाचा मंत्र समजून डोलत राहिली. "मला गुरुजी गुरुजी करतात," काका आल्यावर सांगत होते, "आणि मी प्रत्येकाला विचारतोय, बाबा, जेवण कोशर हाय का, आपल्या धर्मात चालणारं?" कारखान्यातही कुणीतरी दुकानातला फोटो पाहिला. मुकादम पहिल्यांदा 'शिमशोन' म्हणाला.

अश्दोदच्या एका मेंदीला आम्हीही गेलो होतो. नवरी माझी मावसबहीण. गाणी संपल्यावर एक बाई काकांजवळ आल्या. फ्लोराबाई. पासष्टीच्या असतील. उभा जन्म एका कारखान्यात पाकिटं बंद करण्यात गेला, नवरा वारला, मुलं लांब. निवृत्त झाल्यावर त्यांनी पेटी शिकायचं मनावर घेतलं होतं. नातू लष्करात होता. तो सुखरूप परत आला की गोड पोह्यांचा मलिदा करीन आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे आमच्या नवसाला पावणाऱ्या नबीचं, गाणं मी स्वतः वाजवीन, असा त्यांनी नवस बोलला होता.

त्यांनी दोन्ही हात काकांसमोर धरले, डॉक्टरला दाखवावेत तसे.

"शिमशोन, बघ रे जरा. काय दोष हाय यांच्यात?"

"कसला दोष, फ्लोराबाई?"

"तुझ्याच नावाची पेटी घेतली मी. अवीच्या दुकानातून. दीड वर्ष झालं. तू वाजवतोस ती गाते, माझी खोकते. बोटं मेली माझी त्या पाकिटांत. मी विचार करते, देऊन टाकावी कुणाला तरी. चांगल्या हातात तरी पडेल. एवढी चांगली पेटी माझ्यामुळं बदनाम नको."

मी दोन पावलांवर खुर्च्या रचत होते. काकांनी मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. जिन्यातल्या त्या लोटलेल्या दाराबद्दल दोघांनाच माहीत होतं. मला वाटलं आता ते सांगतील. ते म्हणाले,

"सराव करा. होईल."

फ्लोराबाईंनी मान हलवली आणि हात पदरात घेतले.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले होते. बेर्शेबाला उतरताना म्हणाले, "मी तिला सराव कर बोललो, प्रोफेसर." एवढंच. मी तिथं असून गप्प राहिले होते, हे त्यांनी मला कधीच बोलून दाखवलं नाही.

योम किप्पुरला आमची माणसं दारफळणीचा सण म्हणतात. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, उपास करायचा, देवाकडे क्षमा मागायची. पण त्याआधी दहा दिवस एक दुसरं काम असतं. देवाविरुद्ध केलेलं देव माफ करतो. माणसाविरुद्ध केलेलं त्या माणसानंच माफ करावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्या दारात जावं लागतं. नाही म्हणाला तर पुन्हा जायचं. तीन वेळा. हे आमचे हझान, म्हणजे प्रार्थना म्हणणारे, दर वर्षी सांगतात आणि आम्ही दर वर्षी ऐकून एकमेकांना फोनवर "काय चुकलंमाकलं असेल तर" म्हणून मोकळे होतो.

त्या वर्षी काका माझ्या वसतिगृहाच्या दारात उभे राहिले. "चल माझ्यासंगती अवीकडे. घाबरलो की माझं हिब्रू तुटतं."

दुकानात भिंतीवर फेटेवाले काका होते आणि खाली टोपीवाले. अवीनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी तो हसलाच. "दोद, सगळे हेच करतात. परदेशातले मोठमोठे गिटारवाले काय करतात? नाव त्यांचं. दुकानातली वेगळी, हातातली वेगळी. साऱ्या जगाला ठाऊक आहे हे."

काका म्हणाले, "फ्लोराबाईला ठाऊक नाय."

मी ते हिब्रूत सांगितलं.

"कोण फ्लोरा?" अवीनं विचारलं. काहीतरी त्याच्या लक्षात येत होतं, आणि चेहरा हळूहळू बदलत होता. "थांबा. म्हणजे तुम्ही सगळीकडे वाजवता तो आवाज माझ्या पेटीचा नव्हता?"

"नाय."

"दोद! मला काय कळतं पेटीतलं? तुम्ही वाजवता ते ऐकून मी समजलो माझा माल उत्तम आहे. त्याच भरवशावर मी आणखी मागवल्या! गिऱ्हाइकाला मी शपथेवर सांगतो!"

हे काकांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते माफी मागायला निघाले होते फ्लोराबाईंची, आणि पहिला माणूस इथंच उभा होता. त्यांनी काउंटरवरची तारांची पाकिटं उगाच सरळ केली. मग हिब्रूतच, माझ्या मदतीशिवाय, म्हणाले, "अवी, मला माफ कर."

अवीनं खांदे उडवले, डोळे पुसल्यासारखं केलं, शिवी हासडली, आणि शेवटी म्हणाला, "माफ. पण तुम्ही हे लोकांना सांगणार असाल तर मी पाटी ठेवू शकत नाही. फोटोही नाही. विचार करा. मी तर कुणाला सांगणार नाही."

तो दिलदारपणे बोलला होता, हे मला आजही वाटतं. काकांना गप्प राहायची वाट त्यानं उघडी करून दिली होती. काकांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, आपण कसे दिसतो ते पहिल्यांदाच बघावं तसं. "काढ," ते म्हणाले. "आणि कुणी कुणी घेतल्या ते लिवून दे."

चार घरं आमच्या माणसांची होती, बाकी ती इंडियाहून आलेली पोरं. पोरांना मी फोन लावून दिले. एका किबुत्झमधला, म्हणजे सामायिक शेतीच्या वसाहतीतला, मुलगा म्हणाला, "पण मला माझ्या पेटीचा आवाज असाच आवडतो. तिथं नदीकाठी एक बाबा वाजवायचा ना, अगदी तसाच खोकतो." फोन ठेवून काका म्हणाले, "यानं तर न मागता माफ केलं. याचं काय करायचं?"

फ्लोराबाईंकडे ते आपली पेटी घेऊन गेले. ड्रायव्हरनं ती बसच्या पोटात ठेवली, तर काका दर थांब्याला खाली उतरून बघायचे. मी बरोबर होते. मावशीकडे जायचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे त्यांना एकट्यानं जायची लाज वाटत होती.

दोन्ही पेट्या फ्लोराबाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. काका म्हणाले, "बाई, ही वाजवा."

"तुझी? नको रे बाबा."

"वाजवा."

त्यांनी भीत भीत भाता हलवला आणि गाण्याची पहिली ओळ वाजवली. चाचपडत, मध्ये थांबत. पण पेटी गायली. त्यांनी हात उचलून घेतले, चटका बसल्यासारखे. मग पुन्हा तीच ओळ वाजवली. काकांनी वरची फळी उघडली आणि सगळं सांगितलं. स्क्रू, कानस, कागद, सगळं. "आणि मी तुम्हाला सराव करा बोललो," ते शेवटी म्हणाले. "मला माफ करा."

मला वाटलं होतं त्या रडतील किंवा हसतील. त्या उठल्या आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"दीड वर्ष मी ह्या हातांना शिव्या दिल्या, शिमशोन. रात्री कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून बसायची. सुनेला फोनवर सांगितलं, मला काय जमायचं नाय, मी अडाणी." त्या वळल्या. "आज नाय. आज मी माफ बोलले तर खोटं होईल, आणि खोटं तू पुष्कळ ऐकवलंस. चहा घे आणि जा."

चहा आम्ही घेतला. फार कडक होता. निघताना काका म्हणाले, "माझे सूर काढून तुमच्या पेटीत घालतो, बाई. आत्ता घालतो."

"नको तुझे सूर. तुझ्या मामाचे हायत ते. माझी पेटी बोलती कर."

दुसऱ्या खेपेला ते एकटेच गेले, हत्यारं घेऊन. फ्लोराबाईंनी दार उघडलं, पण बोलल्या नाहीत. काका दिवसभर त्यांच्या पेटीचे सूर एकेक काढून घासत बसले. पत्र्याचा सूर जर्मन होत नाही, पण घासला, नीट बसवला, भात्याच्या फटी बुजवल्या, तर खोकायचा थांबतो. फ्लोराबाईंनी दुपारी पुढ्यात ताट ठेवलं आणि संध्याकाळी उचललं. माफीचा शब्द नाही.

तिसरी खेप दारफळणीच्या आदल्या दिवसाची. काका आल्यावर सांगत होते आणि सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. "दारातच बोलली, माफ केलं बाबा, तुझा उपास फुकट जायला नको. पण पेटी नीट होईपर्यंत येत जा. ते माफीत धरलेलं नाय."

अवीनं पाटी काढून घेतली. भिंतीवर दुसरा फोटो लागला. एका तबलजीचा असं ऐकलं. आमच्या लोकांत दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. काही म्हणाले, शिमशोननं लोकांना फसवलं. काही म्हणाले, फसवलं ते ठीक, सांगायला कुणी सांगितलं होतं? दोन-तीन मेंद्या त्यांच्या हातून गेल्या. डिमोनाला एका लग्नात एका टवाळानं सगळ्यांसमोर विचारलं, "काका, आज पेटीच्या आत काय घातलंय?" काका म्हणाले, "पोहे. भूक लागली की काढतो." लोक हसले. पण त्या रात्री त्यांनी लवकर आवरलं. कारखान्यात मुकादमानं बदलून पुन्हा 'होदी' सुरू केलं का, हे मी कधी विचारलं नाही.

दर मंगळवारी ते अश्दोदला जायचे. सूर घासायला सुरुवात झाली होती, त्याचं पुढे शिकवणीत कधी रूपांतर झालं ते दोघांनाही कळलं नसावं. काकू म्हणायच्या, "आता सवती दोन झाल्या." पण डबा त्याच भरून द्यायच्या, दोघांपुरता.

फ्लोराबाईंचा नातू हिवाळ्यात लष्करातून सुटला. नवसाचा मलिदा ठरला. छोटं घर, तीसेक माणसं. मध्ये ताट. गोड पोहे, खोबरं, खजूर, केळी, संत्री, सब्जाच्या डहाळ्या. प्रार्थना झाली, सगळ्यांच्या हातात मलिदा आला, आणि फ्लोराबाई आपल्या पेटीशी बसल्या. काकांची पेटी त्या दिवशी डिमोनाला घरीच होती. ते सगळ्यांत मागे, दाराशी, चपलांजवळ उभे होते, हातात कागदी बशी.

बाईंनी सुरू केलं. आवाज काही काकांच्या पेटीसारखा नव्हता. थोडा कोरडा, थोडा नाकातला, पण सरळ. लोक गायला लागले. दुसऱ्या कडव्यात बाईंचं बोट घसरलं. स्पष्ट चूक झाली, सगळ्यांना ऐकू गेली. गाणं क्षणभर अडखळलं, आणि बाईंनी घाबरून, हात पट्ट्यांवरच ठेवून, गर्दीतून मागे काकांकडे पाहिलं. आम्हीही सगळे वळलो.

काकांचं तोंड मलिद्यानं भरलेलं होतं. त्यांनी बशी उंच केली आणि त्याच भरल्या तोंडानं मोठ्यानं ओरडले,

"तुमची चूक हाय, बाई! पेटीची नाय! पुढं चला!"

फ्लोराबाई खदखदून हसल्या आणि तिथूनच पुढे वाजवायला लागल्या.

माझी शेवटची बस होती, परीक्षा तोंडावर आली होती. मी चपला शोधत असताना काका बाजूला सरले, पण माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचे डोळे बाईंच्या बोटांवर होते आणि दाढीला खोबरं चिकटलं होतं. मी निघते म्हणाले. त्यांनी ऐकलं नसावं. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. परीक्षेच्या दिवसांत, झोपेतच, ते गेले आणि परीक्षा बिघडू नये म्हणून मला आईनं पेपर संपल्यावरच सांगितलं. मला राग आला होता तिचा, अजून थोडा आहे.